कोयनाकांठाहून कृष्णाकांठीं

साताऱ्याहून कोयनाखोऱ्यांत जावयाचें म्हणजे महामार्गानें उंब्रजपर्यंत यावें आणि तेथून मल्हारपेठ-पाटणच्या रस्त्यास लागावें. गेल्या कार्तिकांत आम्ही याच वाटेनें निघालों, तेव्हां प्रवासाचा हेतु सृष्टिशोभा पाहण्याचा नव्हता. आमचे धाकटे बंधु पाटण तालुक्यांतील आमची वडिलोपार्जित शेती पाहतात. त्यांचा निरोप आला होता कीं, रानडुकरांनीं हातातोंडाशीं आलेलें भात लोळविलें आहे, गवे रात्रीं शेतांत उतरतात, आणि आतां कुंपणांत वीज सोडल्यावांचून गत्यंतर नाहीं. आमच्या मातोश्रींनीं हें ऐकलें मात्र, आणि जपाची माळ खालीं ठेवून त्या म्हणाल्या, "तूं स्वतः जाऊन पाहून ये. तिथें पोरें आहेत, गुरें आहेत. वीज म्हणजे कांहीं बाभळीची फांदी नव्हे." एकत्र कुटुंबांत वडीलकीचा मान असतो तो असा, निर्णय आईचा आणि पायपीट आमची!

मल्हारपेठ मागें पडली कीं डोंगर जवळ येऊं लागतात. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांचीं पातीं फिरत असतात, आणि खालीं खोऱ्यांतून विजेचे उंच मनोरे एकामागून एक पावलें टाकीत घाटावर चाललेले दिसतात. या खोऱ्यांत राहणाऱ्यास विजेचें नवल तें काय? कोयनेची वीज प्रथम बाहेर पडली ती १९६२ सालीं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपानें कोयनानगर उद्ध्वस्त झालें, तरी धरण उभें राहिलें. १३ मार्च १९९९ रोजीं भरलेल्या जलाशयाच्या तळाशीं सुरुंग उडवून पाणी चौथ्या टप्प्याच्या बोगद्यांत घेतलें गेलें, आणि आज सर्व टप्पे मिळून या योजनेची शक्ति १,९६० मेगावॅट आहे. पाणी सातारा जिल्ह्यांत सांठतें. वीज मात्र सह्याद्रीपलीकडे, पोफळीच्या बाजूस डोंगराच्या पोटांत तयार होते.

ती वीज दूर न्यावयाची तर तिचा दाब चढवावा लागतो. तेवढीच शक्ति वीसपट दाबानें पाठविली, तर तारेंतून जाणारा प्रवाह विसावा हिस्सा होतो, आणि तार तापून होणारा नाश चारशेंव्या हिश्श्यावर येतो. म्हणूनच या मनोऱ्यांवर दोन लाख वीस हजार आणि चार लाख व्होल्टांच्या तारा आहेत. दाब चढविण्याचें काम रोहित्र करतें. ज्याला गांवांत सारे 'डीपी' म्हणतात, तो त्याचाच धाकटा, दाब उतरविणारा भाऊ. परंतु दाब चढविण्याचा आणखी एक मार्ग आहे, आणि त्याची गांठ आम्हांस पुढें सांगलींत पडावयाची होती, याची त्या वेळीं कल्पना नव्हती.

बंधूंचें शेत जंगलाच्या कडेस आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोलीचें राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० सालीं सह्याद्रि व्याघ्र प्रकल्प झाला. रानाचें रक्षण झालें हें चांगलेंच. परंतु गव्यास सीमेची पाटी वाचतां येत नाहीं. आम्ही बांधावर उभे राहून पाहिलें, तों चार गुंठे भात जणु कोणी रूळ फिरविल्याप्रमाणें सपाट झालेलें होतें. धाकट्या भावजयीनें चुलीवरून न उठतां एवढेंच सांगितलें कीं, यंदा घरच्या तांदळाचा भात सणापुरताच!

शेजारचे एक शेतकरी तेथेंच बसले होते. ते म्हणाले, "दादा, एवढा इचार कशापायीं? खांबावरनं येक तार वढायची, कुंपनाला लावायची, रातीं सोडायची आन् पहाटं काढायची. माझ्यात तसंच हाय."

हें ऐकून आमच्या अंगावर कांटा आला. घरांतल्या विजेचा दाब अवघा २३० व्होल्ट. पण ती अखंड वाहते. सुमारें दहा मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचा शंभरावा हिस्सा एवढाच प्रवाह हातांतून गेला, तरी स्नायु असे आखडतात कीं धरलेली तार सोडतां येत नाहीं. आणि त्याच्या कांहीं पट प्रवाह छातींतून गेला कीं हृदयाची लय मोडते. अशा तारेस चिकटून माणूस गेल्याच्या वार्ता महाराष्ट्रांत दरवर्षीं वाचावयास मिळतात, आणि मेलेला पुष्कळदां घरचाच किंवा शेजारचाच असतो. ही वीजचोरी २००३ च्या विद्युत् कायद्यानें गुन्हा आहे. गवा तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहे. पण कायद्याचें बोलणें त्या गृहस्थांपुढें आम्हीं काढलें नाहीं. ज्याचें पीक गेलें आहे त्यास कलमें ऐकविणें शोभत नाहीं.

रात्रीं जेवतांना बंधु म्हणाले, "दादा, थेट तार लावणार नाहीं, ही आईची शपथ. पण आपला मुलगा सांगलीस हेंच शास्त्र शिकतो आहे. त्यानें पांच-सहा हजार व्होल्टचें यंत्र म्हणे टेबलावर मांडलें आहे. ठोका देणारीं कुंपणाचीं यंत्रें तितक्याच दाबाचीं असतात. मग विकत कशाला आणावयाचें? त्याचेंच आणून जोडूं. तुम्ही तेवढें एकदां पाहून या."

झालें! दुसऱ्या दिवशीं आम्ही कऱ्हाड गांठलें. प्रीतिसंगमावर पांच मिनिटें थांबलों. येथें कोयना कृष्णेस समोरून येऊन मिळते, आणि संगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधि आहे. कऱ्हाडचें रेल्वेस्थानक ओगलेवाडीस. प्रभाकर कंदील जेथें होत, तें हेंच गांव. आमच्या आजोळीं माजघरांत टांगलेला प्रभाकर कंदील आम्हांस अजून आठवतो. त्याची कांच तापे, चटका बसे, पण तो कोणाचा जीव घेत नसे. पुढें ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी अशीं स्थानकें घेत आणि दोन्ही बाजूंचा ऊंस पाहत गाडी सांगलीस आली. किर्लोस्करवाडी १९१० साली माळरानावर वसली, हें प्रत्येक मराठी घरास पाठ असल्यामुळें येथें त्याचा विस्तार करीत नाहीं.

पुतण्याची खोली विश्रामबागेच्या बाजूस होती. आम्ही दारांत पाऊल टाकलें तों चिरंजीव उजवा हात डाव्या हातांत धरून बसलेले! मुद्रा उतरलेली. "काका, कांहीं नाहीं, जरा झटका बसला," असें म्हणून तो उठला. टेबलावर एका लांकडी फळीवर दोन रांगांत नळकांड्यांसारखीं धारित्रें उभीं होतीं, आणि त्यांच्या मधून नागमोडी डायोड जोडलेले होते. दुरून पाहतां ती खरोखरच शिडी दिसत होती. कपॅसिटरास 'धारित्र' हा शब्द वाईच्या मराठी विश्वकोशानें योजिला आहे. विजेचा भार धरून ठेवणारें तें धारित्र. हा शब्द आम्हांस इंग्रजीहून अधिक बोलका वाटतो. डायोड म्हणजे विजेची एकमार्गी झडप.

"बटन बंद करून पांच मिनिटें झालीं होतीं, काका. मग मीं हात लावला," तो म्हणाला. तो घाबरला होता खरा, परंतु अधिक आश्चर्य त्यास याचें वाटत होतें कीं, बंद यंत्रानें मारावें कसें? आम्हीं त्यास प्रथम चहा पाजला, आणि मग त्याला घेऊन कृष्णेच्या घाटावर गेलों. समोर १९२९ सालचा आयर्विन पूल, मागें गणपतीचें देऊळ, आणि पायऱ्यांवर संध्याकाळची वर्दळ. तेथें बसून त्यानें आपली शिडी आम्हांस समजावून दिली. आणि ती समजली ती त्या पायऱ्यांमुळें.

समजा, घाटावर माणसांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या आहेत. एक रांग पायऱ्यांवर स्थिर आहे. दुसरी रांग एका भल्या मोठ्या फळीवर उभी असून ती फळी सबंधच्या सबंध एक पायरी वर जाते आणि पुन्हां एक पायरी खालीं येते. फळी खालीं आली कीं डोलणाऱ्या रांगेंतील प्रत्येक जण समोरच्या स्थिर माणसाकडून घागर घेतो. फळी वर गेली कीं तो तीच घागर एक पायरी वरच्या माणसाच्या हातीं देतो. नियम एकच, घागर घेतलेल्या माणसास परत द्यावयाची नाहीं. फळी कितीही वेळ डोलली तरी ती एकाच पायरीइतकी डोलते. परंतु पाणी मात्र दहाव्या, विसाव्या पायरीवर जाऊन पोंचतें. फळीचें डोलणें म्हणजे दिशा पालटणारा विद्युत्‌प्रवाह, घागरी म्हणजे धारित्रें, आणि परत न देण्याचा नियम पाळविणारे ते डायोड. मूळ दाबाचें शिखर ३०० व्होल्ट असेल, तर प्रत्येक पायरी ६०० ची होते. पांच पायऱ्यांत ३,०००, दहांत ६,०००. शिवाय कोणत्याही एका धारित्रावर वा डायोडवर ६०० हून अधिक ताण पडत नाहीं. एकट्या रोहित्रानें हा दाब काढावयाचा तर त्याच्या वेटोळ्यास सबंध सहा हजारांचें विद्युत्‌रोधन लागेल. येथें ओझें सर्वांनीं वांटून घेतलें आहे. एकत्र कुटुंबाचा उपमेला मोह होतो, पण तो आवरतों.

ही युक्ति स्वित्झर्लंडच्या हाइनरिख ग्राइनाखर यांची. १९२० च्या सुमारास त्यांनीं ती मांडली. केंब्रिज येथें रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेंत कॉक्रॉफ्ट आणि वॉल्टन या दोघांनीं अशाच शिडीनें कांहीं लक्ष व्होल्टांचा दाब उभारला आणि एप्रिल १९३२ मध्यें त्या दाबानें फेंकलेल्या प्रोटॉनांनीं लिथियमचा अणुगर्भ फोडला. त्याबद्दल १९५१ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें, आणि शिडीस त्यांचेंच नांव चिकटलें. मूळ कल्पकाचें नांव मागें पडावें, ही जगाची जुनीच रीत.

"मग काका, मीं दहा पायऱ्या केल्या," पुतण्या सांगूं लागला. "म्हटलें, पांच कशाला, दहाच करूं." या वयांत सर्वांसच दहा पायऱ्या कराव्याशा वाटतात! त्यानें प्रथम अगदीं लहान, दहा नॅनोफॅरडचीं धारित्रें घेतलीं आणि घरगुती विजेप्रमाणें सेकंदास ५० आंदोलनें ठेवलीं. मोजयंत्र जोडतांच दाब कोसळला. कां कोसळला तें त्यानें वहींत काढून दाखविलें. शिडींतून प्रवाह घेऊं लागलें कीं दाबांत तूट येते. पायऱ्यांच्या संख्येच्या घनाचे दोन-तृतीयांश घ्यावे, त्यांत वर्गाचा निम्मा मिळवावा, संख्येचा षष्ठांश वजा करावा. जो आंकडा येईल त्यानें प्रवाहास गुणावें, आणि धारकता व दर सेकंदाचीं आंदोलनें यांच्या गुणाकारानें भागावें. पांच पायऱ्यांस तो आंकडा ९५ येतो, आणि दहांस ७१५! पायऱ्या दुप्पट, तूट साडेसातपट. माथ्यावर एक घागर रिकामी करावयाची तर खालच्या प्रत्येकास आपल्या वरच्या सर्वांचें पाणी वाहावें लागतें, म्हणून असें होतें. मिलिअँपिअरचा दहावा हिस्सा एवढ्या क्षुल्लक प्रवाहास त्याच्या दहा पायऱ्यांची हिशेबी तूट मिळकतीच्या वीस पटींहून अधिक निघाली. म्हणजे हातीं शून्य.

मग त्यानें पायऱ्या पांचावर आणल्या आणि धारित्रें हजारपट मोठीं घेतलीं, दहा मायक्रोफॅरडचीं. तूट अवघी १९ व्होल्टांवर आली. तो हर्षभरित झाला, आणि तेथेंच चुकला. घागरी हजारपट मोठ्या केल्या म्हणजे त्यांत सांठलेलें पाणीही हजारपट होतें, हें त्याच्या ध्यानीं आलें नाहीं. दहा धारित्रांत मिळून सुमारें १७ जूल ऊर्जा भरून राहिली होती. बटन बंद केल्यानें फळी डोलावयाची थांबते, घागरी रित्या होत नाहींत. त्याचा हात एकाच धारित्रास लागला म्हणून बरें. त्यांत पावणेदोन जूलच होते. दोन्ही हात शिडीच्या दोन टोकांस लागले असते तर? आम्हीं हा प्रश्न मोठ्यानें विचारला नाहीं. त्यानेंही उत्तर दिलें नाहीं. समोर पाण्यांत दिवे हालत होते, ते आम्ही दोघे पाहत राहिलों.

खोलीवर परत आल्यावर त्यानें वहीचें नवें पान काढलें. तिसरी वाट होती. घागर लहानच ठेवावी, पण फळी झपाट्यानें हालवावी. सेकंदास ५० ऐवजीं २०,००० आंदोलनें केलीं, तर त्याच दहा नॅनोफॅरडच्या धारित्रांनीं तूट होते सुमारें ४८ व्होल्ट, म्हणजे तीन हजारांत नगण्य; आणि सांठलेली ऊर्जा १७ जूल नव्हे, तर त्याचा हजारावा हिस्सा. हात लागलाच तर मुंगी चावल्यासारखें होईल, इतकेंच. मात्र त्या वेगास सामान्य डायोड चालत नाहींत, चटकन मिटणारे लागतात. शिवाय प्रत्येक धारित्रास मोठा रोध समांतर जोडावयाचा, म्हणजे बटन बंद होतांच भार आपोआप झिरपून जातो. आणि तरीही हात लावण्यापूर्वीं रोध बांधलेली दांडी टेकवून खात्री करावयाची. हें शेवटचें त्यास आम्हीं दोनदां लिहावयास लाविलें.

मिरज येथून जवळच. १८९४ सालीं तेथें मिशनचें इस्पितळ निघाल्यापासून तें वैद्यकाचें गांव झालें आहे. तेथील एका दवाखान्यांत क्ष-किरण यंत्राची दुरुस्ती चालली असतां पुतण्यानें तें उघडें पाहिलें होतें. आजच्या अशा यंत्रांत प्रथम आंदोलनें दर सेकंदास हजारोंच्या संख्येनें वाढवितात, मग रोहित्रानें दाब चढवितात, आणि कित्येकांत त्यापुढें याच जातीची एक-दोन पायऱ्यांची शिडी लावितात. निम्मा दाब नळीच्या एका टोकास धन आणि निम्मा दुसऱ्यास ऋण. त्यामुळें लाख व्होल्टांच्या नळीसही प्रत्येक बाजूस पन्नास हजारांचेंच रोधन पुरतें. दाब जितका स्थिर, तितके रोग्याच्या कातडींतच जिरून जाणारे निरुपयोगी किरण कमी. आमच्या मातोश्रींचें मनगट दोन वर्षांपूर्वीं मोडलें होतें, तेव्हां त्यांचा हात ज्या पेटीखालीं ठेविला होता तिच्यांतही असेंच कांहीं असावें, असें मनांत येऊन गेलें.

आतां प्रश्न राहिला तो कुंपणाचा. पुतण्यानें तो आमच्या आधींच सोडविला होता. "काका, ही शिडी कुंपणास नको. ओल्या गवतास तार टेकली कीं प्रवाह झिरपतो, आणि लहान घागरींची शिडी तेथें कोसळते. मोठ्या घागरींची लावावी तर..." एवढें बोलून त्यानें आपल्या हाताकडे पाहिलें. कुंपणाचें खरें यंत्र निराळ्या रीतीनें चालतें. तें एकच धारित्र कांहींशें व्होल्टांपर्यंत भरतें. कांहींत त्यासाठीं दोन घागरींची छोटी शिडी असतेही. मग सेकंदास सुमारें एकदां तें रोहित्रांतून एकदम रितें होतें आणि तारेवर आठ-दहा हजार व्होल्टांपर्यंतचा ठोका जातो. पण तो टिकतो सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणें ठरावीक रोधावर एका ठोक्याची ऊर्जा ५ जूलहून अधिक असतां कामा नये, आणि दोन ठोक्यांत निदान एक सेकंदाचें अंतर हवें. जनावर दचकतें, आणि त्या एका सेकंदांत मागें सरतें. २३० व्होल्ट ज्यास धरून ठेवतात, त्यास आठ हजार व्होल्ट सोडून देतात, तें या विश्रांतीमुळें.

मानकाचा शिक्का असलेलें, सौर पेटीवर चालणारें यंत्र आम्हीं सांगलीच्या बाजारांतच घेतलें. त्यासोबत पिवळ्या पाट्याही घेतल्या. पुतण्याची शिडी त्याच्याचकडे राहिली. किरणोत्सर्ग मोजणाऱ्या गायगर नळीस कांहींशें व्होल्ट लागतात, पण प्रवाह जवळजवळ कांहींच नाहीं, तेव्हां त्या कामीं दोन पायऱ्या राखून तो ती पुन्हां बांधतो आहे.

मार्गशीर्षांत आम्ही पुन्हां पाटणास गेलों. तिन्हीसांजेस बांधावर उभे राहिलें कीं यंत्राची टक् टक् ऐकूं येते. बंधूंनीं पहिल्याच दिवशीं तारेस स्वतः बोट लावून पाहिलें होतें. मातोश्रींनीं फोनवर विचारलें, "कसें काय वाटलें रे?" ते म्हणाले, "आई, तोंडांत नको तो शब्द आला, पण हात माझा मला लगेच परत मिळाला." कुंपणाबाहेर ओल्या मातींत डुकरांचे माग होते, येऊन वळलेले. शेजारचे ते गृहस्थ आमच्या शेजारीं उभे राहून बराच वेळ ठोके मोजीत होते. आपली तार त्यांनीं अद्याप काढलेली नव्हती. मात्र यंत्राची किंमत त्यांनीं दोनदां विचारली, आणि दुसऱ्या खेपेस ती बंधूंकडून कागदावर लिहून घेतली.